खाणीतला वातीचा दिवा

कोळशाच्या खाणीतले वातीचे दिवे मुख्यतः दोन तऱ्हांचे: उघडे आणि जाळीबंद. उघडा दिवा म्हणजे मुठीत मावेल एवढी पत्र्याची किंवा पितळेची किटली. तोटीत सुती वात, मागे टोपीला अडकवायचा आकडा. असे दिवे १८५०च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये निघाले आणि पुढे कार्बाइडचे दिवे रुळेपर्यंत अमेरिकेतही चालले. त्यांचा उजेड थोडा आणि काजळी फार. खरा धोका मात्र काजळीचा नव्हता. हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की उघड्या ज्योतीने स्फोट होतो. इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी ९२ जण अशाच स्फोटात गेले. त्यांत लहान मुलेही होती.

त्यानंतर तीनच वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. तार ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत पेटलेला वायू बाहेरच्या वायूला पेटवत नाही. पुढच्या दिव्यांत जाळीच्या खाली जाड काच आली, जाळ्या एकाच्या दोन झाल्या, वाऱ्याच्या झोतापासून जपायला वर पत्र्याचे आवरण चढले.

या दिव्याचे मोल उजेडाहून त्याच्या ज्योतीत अधिक आहे. वात खाली घेऊन ज्योत बारीक केली आणि हवेत मिथेन असला, की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी उंच, तसा वायू जास्त. प्राणवायू घटला की ज्योत मंदावते आणि विझते. म्हणूनच कामगारांच्या डोक्यावर विजेचा दिवा आल्यावरही भारतातल्या खाणींत सरदार आणि ओव्हरमन या देखरेख करणाऱ्यांच्या हातात हा जाळीचा दिवा राहिला.

विदर्भात वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७०च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस ही कोळशाची गावे झाली. भंडारा जिल्ह्याचे खनिज वेगळे: चिखला आणि डोंगरी बुजुर्गचे मँगनीज. पण वैनगंगेकाठचे भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, आणि जाळीच्या दिव्याची बैठकही बहुधा पितळेची. हाच त्याला शाप ठरतो. जुने पितळ मोडीच्या भावाने तराजूत पडते आणि भट्टीत गेलेल्या दिव्याबरोबर त्यावरचा क्रमांकही वितळतो.

तो क्रमांक फार बोलका असतो. खाणीत उतरताना कामगार बिल्ला देई आणि त्याच क्रमांकाचा दिवा घेई. पाळी संपल्यावर दिवा जागेवर आला नाही, तर कोण आत राहिले ते लगेच कळे. त्यामुळे बिल्ल्यासकट मिळालेला दिवा संग्राहकाला सर्वांत मोलाचा.

अस्सल दिवा ओळखायला तो उघडावा लागतो. बैठक फिरवून काढली की टोपीच्या आकाराची जाळी दिसली पाहिजे. तळातून वर गेलेली एक वाकडी तार असते. दिवा न उघडता वात सारायची ती सोय. कुलूप शिशाच्या रिबिटाचे किंवा लोहचुंबकाने उघडणारे. शोभेच्या नव्या दिव्यांत जाळी नसते, पत्रा हलका असतो आणि एखाद्या वेल्श कारखान्याच्या नावाची चकचकीत पट्टी तेवढी ठळक असते.

जुन्या दिव्यांचा ध्यास महाराष्ट्राला नवा नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी घरोघरीच्या समया, लामणदिवे जमवत पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते राज्य सरकारच्या हवाली केले. खाणीच्या दिव्यालाही तीच माया हवी. त्याला पितांबरी लावून लखलखीत करू नये. झिजलेला टांगायचा आकडा आणि काजळी हाच त्याचा पुरावा आहे. काचेखालच्या जुन्या चकत्या कधी ॲस्बेस्टॉसच्या असतात, त्या खरवडू नयेत. आणि दिवा कुठल्या खाणीतून, कोणत्या वर्षी, कोणाच्या घरून आला, ते चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळच ठेवावे.