‘नुसते नख लागले’ : वन्य प्राण्याच्या ओरखड्याविषयी

बोलींच्या सर्वेक्षणासाठी मेळघाटात अथवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जाणाऱ्या अभ्यासकाचा वानर, माकड, मुंगूस, कोल्हा यांसारख्या प्राण्यांशी कधी कधी निकटचा संबंध येतो. प्रसंग बहुधा क्षुल्लक असतो : माकड हातातील पिशवी ओढते आणि मनगटावर एक रेघ उमटते. रक्त येत नाही. वेदनाही लवकरच शमते. अशा वेळी काय करावे, हे वैद्यकशास्त्राने निश्चित केले आहे. परंतु ते ज्ञान रुग्णाच्या उपयोगी पडण्याच्या मार्गात पुष्कळदा भाषाच आड येते. म्हणून या विषयाचा भाषिक अंगाने विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

त्वचेवरील अशा इजेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘ओरखडा’ हे नाम केवळ रेघेचा निर्देश करते. ती नखाने उठली की काट्याने, हे त्यावरून कळत नाही. ‘ओचकारणे’ व ‘बोचकारणे’ या क्रियापदांत नख हे साधन गृहीत असते, तर ‘ओरबाडणे’ यात ओढून काढण्याचा जोरही अभिप्रेत असतो. याउलट ‘मला खरचटले’ या वाक्यात इजा करणाऱ्याला जागाच नाही. सर्वांत फसवी रचना ‘नख लागले’ ही होय. तीत नख हेच व्याकरणदृष्ट्या कर्ता बनते, आणि ज्या प्राण्याचे ते नख, तो वाक्यातून नाहीसा होतो. त्याला ‘नुसते’ हा शब्द जोडला की घटना जणू घडलीच नाही असे वाटू लागते. दवाखान्यात ‘काही चावले का ?’ या प्रश्नाला ‘नाही, नुसते नख लागले’ असे उत्तर दिले जाते. ते अक्षरशः खरे असते. तथापि त्याचा परिणाम प्राणघातक होऊ शकतो.

याचे कारण रेबीज हा रोग होय. त्याचे विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतात. प्राणी आपले पंजे चाटतो, त्यामुळे नखांना लाळ लागलेली असू शकते. त्वचेतील बारीक भेगेतून विषाणू आत शिरल्यास मज्जातंतूंच्या मार्गाने ते मेंदूकडे सरकतात. लक्षणे सामान्यतः एक ते तीन महिन्यांत, परंतु क्वचित आठवड्याभरात किंवा वर्षानंतरही प्रकट होतात. आणि ती प्रकट झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. ओरखड्यातून संसर्ग होण्याचा संभव दंशाच्या मानाने कमी आहे, हे खरे. पण येथे झालेली चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मांजर, कुत्रा, वानर इत्यादींची गणना ‘दंष्ट्रानखविष’ या वर्गात केलेली आहे. त्या समासात दाढेच्या शेजारी नखालाही स्थान आहे, हे लक्षणीय होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अखंड त्वचेला झालेला केवळ स्पर्श पहिल्या वर्गात येतो. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा दुसऱ्या वर्गात येतो व त्यास लस आवश्यक असते. त्वचा भेदणारा दंश वा ओरखडा तिसऱ्या वर्गात पडतो. त्यात लसीबरोबर प्रतिविषाणू इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वन्य प्राण्यांचे दंश तिसऱ्या वर्गातील मानले जातात. म्हणून जखम लहान दिसली तरी तिचा वर्ग रुग्णाने स्वतः ठरवू नये. तो निर्णय डॉक्टरांचा होय.

प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी थोडक्या आहेत :

(१) जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुवावी. साबण नसल्यास नुसत्या पाण्याने धुवावी, पण विलंब करू नये.

(२) त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, माती यांपैकी काहीही लावू नये.

(३) शक्यतो त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. धनुर्वाताच्या लसीविषयीही विचारावे. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत पहिला दिवस ० धरून ०, ३, ७ व २८ या दिवशी, तर स्नायूत टोचण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी मात्रा घेतात. पूर्वी संपूर्ण लस घेतलेली असल्यास ० व ३ या दिवशीच्या दोनच मात्रा पुरतात. म्हणून जुनी नोंद जवळ ठेवावी.

या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम कुत्रा व मांजर यांपुरताच आहे. रानात निघून गेलेल्या माकडाला तो लागू करता येत नाही. तसेच पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती जुन्या मज्जापेशीजन्य लसीच्या काळातील आहे. कसौली येथे १९११ साली सेम्पल यांनी सिद्ध केलेल्या त्या लसीचा वापर भारतात २००५ च्या सुमारास बंद झाला. आजची लस दंडात टोचतात.

तात्पर्य, डॉक्टरांपुढे बोलताना कर्ता लोपवू नये. ‘नख लागले’ असे न म्हणता ‘आज सकाळी वानराने मनगटावर ओचकारले, रक्त आले नाही’ असे सांगावे. प्राणी, स्थान, वेळ व जखमेचे स्वरूप या चारही गोष्टी अशा एका वाक्यात येतात, आणि योग्य उपचार ठरविण्यास डॉक्टरांना त्यांचीच गरज असते.