नवतपा आणि बिनसावलीची दुपार

आकाशाची माहिती लोकांना सांगायची म्हटली, की आपण आधी दुर्बीण शोधू लागतो. एकोणिसाव्या शतकात शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, ते साध्या डोळ्यांनी आभाळ पाहणाऱ्या वाचकासाठी. भंडारा जिल्ह्यात तर एक सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा आणि मे महिन्यातली दुपार एवढे पुरे.

नवतपा ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नऊ दिवस ऊन नुसते भाजून काढते. हे अडाण्यांचे बोलणे म्हणून हसणाऱ्याने खगोलशास्त्र सांगायला जाऊच नये. कारण याच दिवसांत सूर्य खरोखर आपल्या डोक्यावर येतो. भंडारा शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंश १० कलांवर आहे. २६ मेच्या आसपास सूर्यही तितकाच उत्तरेला आलेला असतो. ओळंब्याने ताठ उभी केलेली काठी त्या दुपारी बघा. (सूर्याकडे मात्र बघू नका.) सावली आखडत जाते आणि काठीच्या पायाशी नाहीशी होते.

घड्याळात तेव्हा बारा वाजून आठेक मिनिटे झालेली असतात. घड्याळ चुकलेले नसते. आपली प्रमाणवेळ ८२½ अंश रेखांशाची. भंडारा त्याच्या पश्चिमेला, म्हणून मध्यान्ह थोडी उशिरा.

पवनीला हा दिवस २४ मेच्या सुमारास येतो, तुमसरला २७ च्या. सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात. जमीन सपाट असती तर दोन्हीकडे सावली एकाच दिवशी गेली असती! असाच फरक मोजून सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये पृथ्वीचा परीघ काढला. आपल्याकडचा फरक बारीक: पवनीत सावली नसते त्या दुपारी तुमसरला मीटरभर काठीची सावली जेमतेम सेंटीमीटरभर, तीही पुसट कडांची.

मग सूर्य डोक्यावर आला म्हणूनच नवतपा तापतो काय? हे अर्धेच खरे. १७ जुलैच्या सुमारास, दक्षिणेकडे परतताना, सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. पण तेव्हा आभाळात ढग असतात, बांधीत पाणी असते, रोवणीची घाई असते. मेमध्ये जमीन कोरडी आणि आभाळ मोकळे. सूर्य जवळ येतो म्हणून उकडते, हा समज मात्र साफ चुकीचा. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी.

अडचण एकच. मेमध्ये शाळांना सुटी, आणि शाळा भरते तेव्हा आभाळही भरलेले. हा धडा गुरुजींच्या वाट्याला क्वचितच येतो. तो घरच्यांनीच द्यायचा. डोक्याला दुपट्टा बांधून मुलांना बाराला अंगणात आणा. मीटरभर काठीची सावली पश्चिमेला दोनेक बोटे दिसेल. ती खडूने आखून सगळे आत या. सव्वाबाराला पुन्हा बघा. सावली पूर्वेला निघालेली असेल.