पंचाची चूक आणि दुसऱ्या पंचाची साक्ष



भाताची झोडणी उरकली, की महाड-पोलादपूरकडे गावोगाव कबड्डीची मैदानं आखली जातात. फक्कीच्या रेषा पडतात, कडेनं माणसांचा गराडा पडतो, आणि पंचाची शिट्टी पुष्कळदा शाळेतल्या गुरुजींच्याच हाती येते. आजचा प्रश्न त्या शिट्टीचाच आहे. एका पंचाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्यानं पाहिली, तर त्यानं बोलावं की गप्प बसावं?

समजा, चढाई करणारा गडी कोपऱ्यात शिरला. त्याचा हात समोरच्याच्या खांद्याला ओझरता लागला आणि तो मध्यरेषेपार परतला. अलीकडच्या पंचाला त्याची नुसती पाठ दिसली; त्यानं कुणाला बाद दिलं नाही. पलीकडच्या पंचानं मात्र स्पर्श स्वच्छ पाहिला. पण त्याच्या मनात येतं, 'चारचौघांत सहकाऱ्याला कसं खोडायचं?' म्हणून तो गप्प राहतो. सहकाऱ्याचा मान राहिला खरा, पण त्याची किंमत मोजली ती जीव तोडून गुण मिळवणाऱ्या पोरानं!

मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच ठेवले आहेत ते कशासाठी? एकाला आड येतं ते दुसऱ्याला दिसावं म्हणूनच. एरवी पंचांचा निर्णय अखेरचा. पण दोघांत मतभेद झाला, तर निवाडा सरपंचानं करायचा, असा कबड्डीचा नियम आहे. क्रिकेटमध्येही पंचाला शंका आली आणि दुसऱ्याला ती गोष्ट नीट दिसली असण्याचा संभव असला, तर त्यानं विचारून घ्यावं, आणि निर्णय बदलायचा तर तो तत्काळ बदलावा, असं नियमच सांगतो.

मात्र बोलण्याचीही एक रीत आहे, बरं का! दुसऱ्या पंचानं साक्ष द्यावी, निकाल देऊ नये. 'तुमचं चुकलं' असं न म्हणता, 'माझ्या बाजूनं हात लागलेला मी पाहिला' एवढंच जवळ जाऊन सांगावं. जे पाहिलं तेवढंच. अंदाज नको, प्रेक्षकांचा ओरडा ऐकून तर नकोच नको. आणि हे सारं पुढची चढाई सुरू होण्यापूर्वी. मागाहून उकरून काढलेली चूक भांडणाला कारण होते.

आणखी एक. डोळ्यांची चूक साक्षीनं सुधारते, नियमाबद्दलचा घोळ तसा सुटत नाही. 7 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधल्या हांगचौ इथं एशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात चालला होता. 28-28 अशी बरोबरी असताना एका चढाईवर राखीव क्षेत्राचा जुना नियम लावायचा की नवा, यावरून निर्णय फिरत राहिला आणि खेळ बराच वेळ थांबला. भारत 33-29 असा जिंकला, पण वाद मागे उरलाच. म्हणून आपल्या गावच्या सामन्यातही पंचांनी आधी एकत्र बसून नियम पक्के करावेत आणि दोन्ही कर्णधारांना सांगावेत.

गुरुजी, 'मला दिसलं नाही, यांनी पाहिलं आहे' असं तुम्ही भर मैदानात म्हणालात, तर तुमचा मान जात नाही. कडेला बसलेली तुमचीच मुलं ते ऐकत असतात. चूक कबूल कशी करावी, हे त्यांना वर्गातल्या धड्यापेक्षा तिथं लवकर कळेल.