अडीचकी, औटकी आणि तीस दोन

धान्याचा भाव रुपयाला मण, तर एका आण्याला किती? मण चाळीस शेरांचा धरा, रुपया तर सोळा आण्यांचाच. म्हणजे अडीच शेर. आणि सात आण्यांना? अडीचकी तोंडपाठ असलेला मुलगा पिशवी उघडायच्या आत सांगायचा, साडेसतरा.

पंतोजींच्या शाळेत गणित म्हणजे हेच. आधी धूळपाटीवर अक्षरं आणि आकडे गिरवायचे, मग पाढे, आणि पाढे झाले की अपूर्णांकांची फौज: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी. सात औटे साडेचोवीस, हे मोजायचं नसतं, म्हणायचं असतं. लिहिण्याचीही सोय होती: एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आकड्यापुढे दांड्या मारल्या की हिशेब झाला. ही घोकंपट्टी होती खरी, पण तिच्यामागे गिऱ्हाईक, सावकार आणि सारा उभे होते. कशासाठी शिकायचं, हे कुणाला सांगावं लागत नसे. अर्थात हा हिशेब शिकायची संधी सर्व जातींच्या मुलांना नव्हती, मुलींना तर जवळपास नव्हतीच.

छापील पुस्तक आलं ते मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकं यांसाठी सोसायटी निघाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातं उभं राहिलं, आणि काय शिकवायचं ते पंतोजीऐवजी खातं ठरवू लागलं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी जी यादी मांडली, ती आजही वाचण्यासारखी आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोल, शिवाय शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतकऱ्याच्या पोराला शाळेचा उपयोग काय, हा प्रश्न इतका सरळ क्वचितच कुणी विचारला असेल.

औटकी गेली ती मात्र कुठल्या शिक्षणतज्ज्ञामुळे नव्हे. १ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला, आणि अडीचकीच्या पायाखालची जमीनच सरकली. दशांश चिन्हापुढे पावकीला काम उरलं नाही. १९६७ साली बालभारती सुरू झाली तेव्हा हा निकाल बाजारानं आधीच लावून ठेवला होता.

२०१९ चा वाद नेमका याच्या उलट. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बत्तीस’च्या जोडीला ‘तीस दोन’ आलं आणि प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: लिहिताना तीन आधी, बोलताना दोन आधी, वर जोडाक्षरं; लहान मुलं गोंधळतात. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन-नऊ. मला हे म्हणणं पटतं. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाठ्यपुस्तकाचं ते पान उघडलं होतं, कोण जाणे. जुने शब्द त्यावर होतेच. पण पालकांच्या बाजूनंही पाहायला हवं. १९५७ साली हातात पडलेल्या नाण्यानंच तेव्हाच्या पालकांना सांगितलं होतं, की जुनं गणित संपलं. या वेळचा बदल पोराच्या पाटीवरच्या अडचणीतून आला होता, आणि भाजीवाली बत्तीस रुपयेच मागत होती.