वेगवान यांत्रिक बोटीची खरेदीपूर्व जलचाचणी

वेगवान यांत्रिक बोटीची खरेदीपूर्व जलचाचणी म्हणजे बोट विकत घेण्याआधी ती प्रत्यक्ष पाण्यावर चालवून तिचे वळणे, थांबणे, तोल सांभाळणे आणि लाटांवरील चाल यांची केलेली पद्धतशीर पारख होय. समुद्रावर घेतल्या जाणाऱ्या अशा चाचणीस ‘सी ट्रायल’ म्हणतात. इंजिनाची अश्वशक्ती आणि कमाल वेग माहितीपत्रकात छापलेले असतात. परंतु पूर्ण भार घेतलेली बोट वळणावर कशी वागेल, हे कागदावरून कळत नाही. महाराष्ट्रात अशा बोटी जलक्रीडा, पर्यटन, सागरी सुरक्षा आणि कोल्हापूर–सांगली भागातील पूरबचाव या कामांसाठी वापरल्या जातात.

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरालगत वाहणाऱ्या पंचगंगा नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि अनेक गावांचा रस्त्याने संपर्क तुटल्यामुळे बोटींवर अवलंबून राहावे लागले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना घेऊन जाणारी बोट उलटली व अनेकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, असे त्या वेळच्या वृत्तांतून समोर आले.

पूरबचावाची बोट वर्षातील बहुतेक काळ उभी असते आणि गरज पडते तेव्हा ती अत्यंत प्रतिकूल पाण्यात, भरल्या भाराने चालवावी लागते. त्यामुळे शांत तलावात रिकाम्या बोटीने मारलेला फेरफटका पुरेशी चाचणी ठरत नाही.

बोटीच्या चालीमागील तत्त्व

कमी वेगात बोट स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूस सारून तरंगते. वेग वाढला की तळावर पाण्याचा वर उचलणारा दाब निर्माण होतो आणि बोट पाण्यावर चढून पृष्ठभागावरून घसरत जाते. या अवस्थेस ‘प्लेनिंग’ म्हणतात. पाण्याशी होणारा संपर्क कमी झाल्याने वेग वाढतो. मात्र बोटीचा तोल आता तळाच्या लहान भागावर अवलंबून राहतो.

तळाचा आकार येथे निर्णायक ठरतो. सपाट तळाची बोट उभी असताना स्थिर राहते, उथळ पाण्यात चालते व थोड्या शक्तीत पाण्यावर चढते. परंतु लाटांवर ती जोराने आपटते. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल तळ लाटा कापत जातो, म्हणून चाल मऊ असते. मात्र अशी बोट उभी असताना अधिक डुलते आणि तिला शक्तीही अधिक लागते. अमेरिकन आरेखक रे हंट यांच्या खोल ‘व्ही’ तळाच्या बोटीने १९६० ची मायामी–नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, तेव्हापासून या आकाराचा मोठा प्रसार झाला.

पूर्वतयारी

बोटीवरील क्षमतादर्शक पट्टीवर कमाल माणसे, कमाल भार व कमाल अश्वशक्ती नोंदलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकांत एका प्रौढ व्यक्तीचे वजन साधारणपणे ७५ किलोग्रॅम धरतात. त्यानुसार दहा माणसांचा भार ७५० किलोग्रॅम होतो. चाचणी प्रथम रिकाम्या बोटीने आणि नंतर पूर्ण भाराने घेतली जाते. माणसांऐवजी तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून ठेवणे अधिक सुरक्षित असते.

इंजिन थंड असतानाच चाचणी सुरू करणे आवश्यक मानले जाते. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवल्यास सुरू होण्यातील दोष झाकला जातो. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या बोटीत जुन्या इंधनामुळे इंजिन सुरू न होण्याचा धोका असल्याने या कसोटीला विशेष महत्त्व आहे.

चाचणीचे टप्पे

संथ वेग : बोट हळू चालवताना सरळ जाते का, धक्क्याला लावताना सुकाणूस साथ देते का आणि मागे घेताना ताब्यात राहते का, हे पाहतात. बचावकार्यात घराच्या गच्चीला किंवा खिडकीला बोट लावायची असल्याने हा टप्पा कमाल वेगाइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा असतो.

पाण्यावर चढणे : थ्रॉटल वाढवल्यावर बोट किती सेकंदांत पाण्यावर चढते आणि त्या वेळी नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, किती उचलली जाते, हे नोंदतात. नाळ फार वर गेल्यास चालकाला समोरचे दिसत नाही. रिकामी असताना सहज चढणारी बोट पूर्ण भाराने चढतच नाही, असेही आढळते.

वळण : मध्यम वेगापासून सुरुवात करून दोन्ही दिशांना क्रमाने तीव्र वळणे घेतात. वळणात पंख्याने हवा ओढली तर इंजिनाचे फेरे एकदम वाढतात व बोटीची ओढ नाहीशी होते. मागील भाग अचानक बाहेर फेकला गेल्यास बोट जागीच गिरकी घेते व आतील माणसे बाहेर फेकली जाऊ शकतात.

थांबणे : बोटीला ब्रेक नसतो. थ्रॉटल कमी केल्यावर ती किती अंतरात थांबते आणि मागून येणारी स्वतःचीच लाट आत शिरते का, हे पाहिले जाते.

लाटांवरील चाल : तलावात लाटा नसल्या तरी बोटीने स्वतःच उठवलेल्या लाटा निरनिराळ्या कोनांतून ओलांडून काही अंदाज घेता येतो. सर्वाधिक हादरे नाळेजवळ बसतात. म्हणून खरेदीदाराने केवळ चालकाच्या शेजारी न बसता काही काळ पुढेही बसून पाहणे इष्ट असते.

वेगमापन : जीपीएस जमिनीच्या तुलनेतील वेग दाखवते. नदीत त्यात प्रवाहाचा वेग मिसळतो. उदाहरणार्थ, बोटीचा वेग प्रवाहाच्या दिशेने ताशी ४६ किलोमीटर आणि प्रवाहाविरुद्ध ३८ किलोमीटर आढळला, तर तिचा पाण्यातील वेग या दोहोंची सरासरी, म्हणजे ४२, आणि प्रवाहाचा वेग ४ किलोमीटर येतो. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असावे लागतात; ते कमी किंवा जास्त भरल्यास पंखा त्या बोटीला योग्य नसण्याची शक्यता असते.

चालीतील दोष

वेगात नाळ तालबद्धपणे वर-खाली होत राहणे यास ‘पॉर्पॉइझिंग’ म्हणतात. इंजिनाचा कल (ट्रिम) बदलून हा दोष सहसा दूर होतो. तरीही तो राहिल्यास भाराची मांडणी किंवा तळाचा आकार सदोष असू शकतो. अतिवेगात बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलू लागणे हा अधिक धोकादायक दोष असून तो मुख्यतः खोल तळाच्या बोटींत दिसतो. तो जाणवताच वेग हळूहळू कमी करावा लागतो. मागून येणाऱ्या लाटांत नाळ पाण्यात रुतून बोट अनपेक्षितपणे एका बाजूस वळणे हाही गंभीर दोष होय.

पुराच्या पाण्यातील कसोट्या

कृष्णा–पंचगंगेच्या काठच्या शेतांवर पाणी पसरते, तेव्हा ऊस, कुंपणाच्या तारा आणि झाडांच्या फांद्या पृष्ठभागाखाली दडलेल्या असतात. उघडा पंखा त्यांत अडकू शकतो. म्हणून इंजिन किती चटकन वर उचलता येते व पंख्यास संरक्षक जाळी बसवल्यावर बोटीचा वेग आणि ताबा कितपत घटतो, हे तपासावे लागते. जेट पद्धतीच्या बोटीत उघडा पंखा नसतो. परंतु तिच्या पाणी ओढणाऱ्या तोंडात पालापाचोळा तुंबतो आणि थ्रॉटल सोडताच तिचे वळणही जवळजवळ थांबते. बोटीत एका बाजूने माणसे चढवून तोल पाहणे ही पूरबचावाच्या बोटीची मुख्य कसोटी आहे. कारण घाबरलेली माणसे एकाच काठावर गर्दी करतात. ही कसोटी काठाजवळ, उथळ व संथ पाण्यात घेतली जाते.

सुरक्षितता व कायदा

चाचणी स्वतःही धोकादायक ठरू शकते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. म्हणून चाचणीसाठी प्रवासी वाहतूक, स्नानाचे घाट आणि मासेमारी यांपासून दूरचे पाणी निवडणे आवश्यक असते. सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे लागते. चालक पाण्यात फेकला गेल्यास इंजिन आपोआप बंद करणारी दोरी त्याच्या शरीराला जोडलेली असावी लागते, आणि ही दोरी खरोखर काम करते का, हे बोट वेगात नेण्यापूर्वीच पाहिले जाते.

नद्या व तलावांतील यांत्रिक बोटींना अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ लागू होतो. या कायद्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली असून त्यात नौकांचे सर्वेक्षण व नोंदणी यांची तरतूद आहे. मात्र नोंदणीपत्र हे खरेदीपूर्व चाचणीस पर्याय ठरत नाही. नौका विहित निकषांत बसते, एवढेच ते सांगते. ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या पाण्यात आणि पूर्ण भाराने ती योग्य आहे की नाही, हे जलचाचणीतूनच कळते.