सूर्यास्ताआधीची वेणी

यरुशलेममधल्या यहुदी घरात शुक्रवारी खल्ला हा वेणीचा पाव करायचा, तर पिठाच्या डब्याआधी सूर्यास्ताची वेळ बघावी लागते. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास. शाब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या यहुदी विश्रांतिदिनाच्या, मेणबत्त्या इतरत्र साधारणपणे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात; यरुशलेमची रूढी ४० मिनिटांची आहे. मेणबत्त्या लागल्या की कणीक मळायची नाही, भट्टी पेटवायची नाही. त्यामुळे वेळेचा हिशेब उलटा मांडायचा: पाव निवायला तासभर, भाजायला अर्धा-पाऊण तास, वेणी फुगायला तासभर, ती घालायला अर्धा तास, पहिल्यांदा कणीक फुगायला दीड-दोन तास. हिवाळ्यात म्हणूनच सकाळी दहाच्या आत हात पिठात गेलेले असावे लागतात.

या घाईला फार जुना आधार आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात शाब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांची यादी आहे. ती पेरणीपासून सुरू होते. मग नांगरणी, कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणी, निवडणं, दळणं, चाळणं, कणीक मळणं आणि भाजणं. पहिली ही ११ कामं म्हणजे शेतापासून भट्टीपर्यंतचा पावाचा सगळा प्रवास. त्यातली शेवटची तीन शुक्रवारी घरातल्या ओट्यावर उरकायची असतात.

दोन मोठ्या पावांना एक किलो मैदा, १४ ग्रॅम कोरडं यीस्ट, चार अंडी, १२० मिलिलिटर तेल, १०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम मीठ आणि सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास कोमट पाणी लागतं. अंडी थेट पिठात फोडत नाहीत. एकेक अंडं काचेच्या पेल्यात फोडून उजेडात बघायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर ते बाजूला. दूध आणि लोणी वर्ज्य. यहुदी आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र येत नाही, आणि शुक्रवारच्या जेवणात बहुतेक घरी मांस असतं. लोण्याची जागा तेलाने घेतली की पावाचा पोत बदलतो. लोणी थंड झालं की घट्ट होतं, तेल पातळच राहतं. शनिवारी दुपारीही खल्ला मऊ लागतो, त्याला हे एक कारण.

कणीक सुरुवातीला बोटांना चिकटते. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात हमखास मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरावा लागतो, कारण जास्तीचा मैदा पाव कोरडा करतो. दहा-बारा मिनिटं मळत राहिलं की कणीक आपोआप परात सोडते, तुकतुकीत होते, बोटाने दाबल्यावर सावकाश वर येते. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा ती घट्ट, शंकरपाळ्यांच्या पिठापेक्षा सैल. साखर, तेल आणि अंडी यीस्टचा वेग कमी करतात, म्हणून साध्या पावाच्या कणकेपेक्षा ही हळू फुगते. थंड घरात तिला आणखी वेळ द्यावा लागतो.

फुगलेल्या कणकेतून एक लहानसा गोळा बाजूला काढण्याचा विधी बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकातल्या १५ व्या अध्यायातून आला. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा हा वाटा याजकांकडे जाई. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केलं, पण वाटा काढणं थांबलं नाही. आता ऑलिव्हएवढा गोळा कागदात गुंडाळून जाळतात. पावाला मिळालेलं नाव मुळात या वाट्याचं. प्रमाणाबद्दल धर्मपंडितांत मतभेद आहेत. प्रचलित एका मतानुसार सुमारे १.२ किलो पिठापासून वाटा काढायचा आणि सुमारे १.६७ किलोपासून त्यावर आशीर्वचनही म्हणायचं. त्यामुळे अनेक घरांत एकदम दोन-अडीच किलोची कणीक मळली जाते.

मग वेणी. एक किलो मैद्याच्या कणकेचे काट्यावर तोलून १२ गोळे करायचे, प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. डोळ्यांच्या अंदाजावर भरवसा ठेवला तर एक पेड जाड, एक बारीक होतो आणि पाव एका बाजूला कलतो. गोळा लांबवताना पेड हाताखालून पुन्हा आखडतो, कारण मळल्यामुळे ग्लूटेन ताणलेलं असतं. जोर लावून उपयोग नाही. कापडाखाली दहा मिनिटं ठेवायचं. मग तेच पेड मुकाट्याने लांब होतात. मध्ये जाड, टोकांना निमुळते.

सहा पेड वरच्या टोकाला एकत्र दाबून शेजारी शेजारी पसरतात. मग नियम एकच: सगळ्यात उजवीकडचा पेड दोघांवरून, एकाखालून, दोघांवरून न्यायचा. पुन्हा उजवीकडचा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीच आकार दिसत नाही आणि हात थबकतात. चौथ्या-पाचव्या फेरीला मधोमध उंचवटा उभा राहतो. इथे आवळून चालत नाही. पेड अजून फुगायचे आहेत, त्यांना जागा हवी. सहा पेड कठीण वाटले तर तीनही चालतात.

सहा पेडांच्या दोन वेण्या म्हणजे १२ पेड. मंदिरात मांडल्या जाणाऱ्या १२ समर्पित भाकरींशी त्यांचा संबंध जोडला जातो. दोनच पाव का, याचं उत्तर बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात आहे. वाळवंटात मान्ना नावाचं अन्न रोज मिळे आणि सहाव्या दिवशी दुप्पट, म्हणजे सातव्या दिवशी ते गोळा करावं लागू नये. वेणीचा आकार मात्र बायबलमधला नाही; तो १५ व्या शतकाच्या सुमारास दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या यहुदींकडे रुळला.

म्हणूनच कोकणातल्या बेने इस्राएली यहुदींच्या पूर्वापार स्वयंपाकात ही वेणी नव्हती. त्यांच्याकडे संदेष्टा एलियाहू हनावीसाठी पोहे, खोबरं, गूळ-साखर आणि फळांचा मलिदा होतो. आशीर्वादासाठी वाइनच्या जागी मनुकांचं सरबत. शाब्बाथ मात्र तोच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून रायगडच्या गावांत त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

वेण्या तासभर फुगवून त्यांवर फेटलेलं अंडं लावायचं, वर खसखस किंवा तीळ. भट्टी १८० अंश सेल्सिअसवर. विसाव्या मिनिटाला वेणी तांबूस दिसते, पण तेव्हा काढली तर मध्यभाग कच्चा राहतो. आतलं तापमान ८८ अंशांपुढे जायला ३०-३५ मिनिटं लागतात. रंग फार गडद होऊ लागला तर वरून फॉइल टाकतात.

पेडांमधले सांधे बरंच काही सांगतात. सांधा फाटून आतला पांढरा भाग डोकावला, तर दुसऱ्या फुगीला वेळ कमी पडला किंवा वेणी आवळून घातली गेली. पेडांच्या कडा एकमेकींत विरून आकार पुसट झाला, तर वेळ जास्त झाला. नीट जमलेला खल्ला सुरीशिवाय तुटतो: पेड धरून ओढला की लांब, रेशेदार तुकडा हातात येतो. तो मिठाला लावून घरातल्या प्रत्येकाला देतात आणि मग जेवण सुरू होतं. शनिवारच्या जेवणांनाही अख्खे दोन पाव लागतात, त्यामुळे तरबेज घरांत त्याच कणकेच्या दोन मोठ्या वेण्यांऐवजी सहा लहान घातल्या जातात.