रंगाचे मुद्दल

नव्या कोऱ्या मोटारीच्या रंगाला आणखी संरक्षण कशाला हवे, असा प्रश्न बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील मुलखात ज्याने एखादा उन्हाळा काढला आहे तो सहसा विचारणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पत्र्यावर वाळले की क्षारांची पांढरी वर्तुळे मागे ठेवते. आणि चैत्र-वैशाखात उन्हाने तापलेल्या काळ्या रानांवरून जी धूळ उठते, तिच्यातील वाळूचे सूक्ष्म कण मोटारीच्या रंगाहून कठीण असल्यामुळे, त्या धुळीवरून फिरविलेले मऊ फडकेदेखील कानशीचे काम करते.

खामगावाहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत डिटेलिंगचे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई करून देणारे, एक छोटेखानी दुकान आहे. माझ्या मेहुण्याची काळी गाडी, शोरूममधून नुकतीच ताब्यात मिळालेली, तेथे नेली तेव्हा ती धुण्याची घाई आम्हालाच अधिक होती. दुकानातील तरुण कारागिराने मात्र बादलीला हातही लावला नाही. "काका, आंधी पाहाचं, मंग धुवाचं, पुसाचं तं सर्व्यात शेवटी," असे म्हणून त्याने गाडी शेडच्या सावलीत घेतली, बॉनेटवर हात ठेवून ते निवाल्याची खात्री केली आणि एक लहानसे मापनयंत्र दारापासून दारापर्यंत टेकवीत तो आकडे वाचू लागला.

त्या आकड्यांत या साऱ्या उद्योगाचे मर्म आहे. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा संस्कार होतो, मग विद्युत्प्रवाहाच्या साह्याने गंजरोधक थर बसतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचे पारदर्शक आवरण. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन भरते, आणि ज्या झळाळीवर ग्राहक भाळतो ती ज्या आवरणाची असते ते क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असते. एखाद्या दारावर आकडा एकाएकी दुपटीवर गेला, तर वाहतुकीत खरचटलेले ते दार मागाहून रंगविले असावे असा संशय घ्यावा. क्लिअर कोटचे आवरण म्हणजे वाहनाचे मुद्दल होय. पॉलिशच्या यंत्राने ओरखडे काढताना ओरखडा भरून येत नसतो, तर त्याच्या भोवतालचे आवरण त्याच्या तळापर्यंत घासून उतरविले जाते, आणि असे उतरविलेले पुन्हा जमा होत नाही.

पाहणी संपल्यावर धुण्याचा विधी सुरू झाला. प्रथम चाके, कारण सर्वाधिक मळ तेथे. मग साऱ्या अंगावर दाट फेस, जो काही मिनिटे तसाच राहू दिला, म्हणजे धूळ आपोआप सुटून खाली ओघळावी. हात लावण्यापूर्वी जितके निघेल तितके पाण्याने काढायचे, हा या धंद्याचा पहिला जाबता. त्यानंतर दोन बादल्या आल्या, एकीत शाम्पू, दुसरीत नुसते पाणी, दोहोंच्या तळाशी जाळी. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, छतापासून खाली यायचे, हात सरळ रेषेत चालवायचा. घरोघरी गाड्या ज्या धुण्याच्या पावडरीने धुतल्या जातात तिचा या दुकानात प्रवेश निषिद्ध आहे, कारण तिच्यातील सोडा रंगावरचे मेण उतरवितो; ज्या जिल्ह्यातील लोणार सरोवरातून पूर्वी सोडा काढला जात असे, तेथल्या माणसाला क्षाराच्या या शक्तीचे नवल वाटण्याचे कारण नाही.

गाडी स्वच्छ दिसू लागली, आणि काम संपले असे आम्ही समजलो. तेव्हा कारागिराने मेहुण्याच्या हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्याला बोटे बॉनेटवरून फिरविण्यास सांगितले. उघड्या बोटांना जे गुळगुळीत भासले होते ते पिशवीतून स्पष्ट खरखरीत लागले. ट्रेलरवरून झालेला प्रवास आणि यार्डातील मुक्काम यांत ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. त्यांवर त्याने एक द्रव फवारला, आणि क्षणार्धात त्या काळ्या दारांवरून जांभळे ओघळ उतरू लागले. द्रवातील रसायन लोहाशी संयोग पावल्याचा तो रंग होता. उरलेसुरले कण साबणाच्या पाण्यावर हलकेच सरकविलेल्या क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, उचलले गेले.

पुसण्याच्या वेळी एक विसंगती ध्यानात आली. ज्या खामगावची ख्याती कापसाच्या बाजारपेठेची, तेथे या कामी सुती कापड बाजूला ठेवून पॉलिएस्टर व पॉलिअमाइडच्या चिरलेल्या तंतूंचे मायक्रोफायबर वापरतात. सुती फडक्यावर कण पृष्ठभागी राहून घासले जातात, येथे ते तंतूंच्या दाटीत शिरतात. टॉवेल घासला गेला नाही, पसरून उचलला गेला. शेवटचे पाणी मात्र कूपनलिकेचे नव्हते, शुद्धीकरण यंत्रातून काढलेले होते. "आपलं पानी गाडीवर वायलं का डाग पडलाच समजा," हा त्याचा खुलासा.

मग लेप. ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण सुंदर तजेला देते, परंतु आमच्याकडच्या उन्हात त्याची कारकीर्द अल्प ठरते. म्हणून आता सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंगचा प्रघात पडला आहे. लहान लहान चौकोनांत तो द्रव आडवा-उभा लावायचा, पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक उमटली की दुसऱ्या टॉवेलने समतल करायचा, आणि मग काही काळ गाडीला पाण्यापासून दूर ठेवायचे, एवढाच तपशील. पण झाक पुसण्यास विलंब झाला तर डाग तेथेच घट्ट बसतो. जाहिराती या लेपाला चिलखत म्हणतात. वस्तुतः तो मायक्रॉनभर जाडीचा थर आहे. पाणी व मळ तो टिकू देत नाही, परंतु ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. त्यासाठी दीड-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्मच हवी, आणि तिची किंमतही त्याच मानाने अधिक.

नवी गाडी प्रथम शेगावी गजानन महाराजांच्या दर्शनास नेण्याचा शिरस्ता या भागात अनेक घरांत पाळला जातो. ओल्या कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर रेखाटले जाते आणि ते वाळल्यावर श्रद्धेनेच, पण कोरड्या फडक्याने, पुसले जाते. त्यात नारळाचे पाणी आणि हाराची तार यांची भर. कारागिराचा सल्ला पूजेच्या आड येणारा नव्हता: स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे, हार तारेऐवजी दोऱ्याने बांधावा, आणि कुंकू पाण्याने ओघळू द्यावे. मेहुण्याने तो तत्काळ मानला.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष लेप विकणाऱ्यांना फारसा रुचणारा नाही. डाग आणि ओरखडे दोन्ही बहुतांशी धुण्यापुसण्यात लागतात, आणि चुकीच्या हाताने दर आठवड्याला घासलेली लेप दिलेली गाडी, समजून धुतलेल्या बिनलेपाच्या गाडीहून लवकर म्हातारी होते. तेव्हा खारपाणपट्ट्यातील नव्या गाडीच्या धन्याने पहिला खर्च शुद्ध पाण्यावर करावा, दुसरा चांगल्या कापडावर, आणि त्यानंतर शिल्लक राहिलीच तर खुशाल लेपावर.